इलेक्ट्रम वॉलेट : बारा शब्द, एक पासवर्ड आणि त्यांतला फरक

इलेक्ट्रम हे बिटकॉइनचे वॉलेट मी २०२१ सालापासून लॅपटॉपवर वापरत आहे. या परीक्षणात मी त्याच्या एकाच अंगाविषयी लिहिणार आहे : वॉलेटची प्रत राखून ठेवणे आणि ते कुलूपबंद करणे ही दोन कामे हे सॉफ्टवेअर स्वतः कितपत नीट करते आणि वापरणाऱ्याकडून कितपत नीट करून घेते. व्यवहाराचे शुल्क किती पडते, पडदा दिसायला कसा आहे, हे प्रश्न मी बाजूला ठेवले आहेत. बँकेचे पासबुक हरवले तर अर्ज करून दुसरे मिळते; इथे नाणी खर्च करायला लागणारी गुप्त किल्ली हरवली तर अर्ज स्वीकारणारी खिडकीच नसते, आणि म्हणून वॉलेट निवडताना हे अंग मला सर्वांत आधी तपासावेसे वाटते.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. इलेक्ट्रमची रचना भक्कम आहे आणि मी ते ओळखीच्या माणसांना सुचवतो; परंतु वॉलेट तयार होताना मिळणारे बारा शब्द आणि आपण ठरवलेला पासवर्ड या दोन गोष्टींची कामे अगदी वेगळी आहेत, हे सॉफ्टवेअर आतून काटेकोरपणे पाळत असले तरी नव्या माणसाला ते पुरेसे स्पष्ट करून सांगत नाही. मी ज्यांना ज्यांना ते बसवून दिले, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात हाच घोटाळा केला.

थॉमस व्होग्टलिन यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य असून त्याचा कोड सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे. ते केवळ बिटकॉइनसाठी आहे. इतर नाणी त्यात ठेवता येत नाहीत. संपूर्ण ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची नोंदवही, उतरवून घ्यावी लागत नसल्यामुळे साध्या लॅपटॉपवरही ते काही मिनिटांत सुरू होते. जुलै २०२४ मध्ये भारतातील एका मोठ्या एक्स्चेंजमधून, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री चालणाऱ्या बाजारातून, सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली, तेव्हापासून माझ्या परिचयातील अनेकांनी आपली नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये आणली. हा निर्णय मला योग्य वाटतो, मात्र त्यामुळे जोखीम नाहीशी होत नाही. ती एक्स्चेंजच्या तिजोरीतून उठून आपल्या घरातल्या कपाटात येते.

ही जोखीम दोन प्रकारची असते, आणि दोन्ही प्रकारांची जगजाहीर उदाहरणे आहेत. वेल्समधील न्यूपोर्ट शहरातले जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनच्या किल्ल्या होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. कचरा डेपो खणू द्यावा यासाठी त्यांनी तिथल्या नगर परिषदेविरुद्ध केलेला दावा जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळला. उलट स्टीफन थॉमस या प्रोग्रामरजवळ ७,००२ बिटकॉइनच्या किल्ल्या असलेला कूटबद्ध पेन ड्राइव्ह आहे, पण पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर तो ड्राइव्ह कायमचा बंद होतो, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याची बातमी छापून आली तेव्हा त्यांचे आठ प्रयत्न संपलेले होते. एकाकडे प्रत नव्हती आणि दुसऱ्याकडे कुलपाची किल्ली नव्हती. इलेक्ट्रमसारखे वॉलेट या दोन्ही अपघातांवर एकच उपाय देते, तो म्हणजे बारा शब्द.

नवे वॉलेट तयार करताना इलेक्ट्रम पडद्यावर बारा इंग्रजी शब्द दाखवते. त्यांना सीड म्हणतात. मी त्यांना बीजशब्द म्हणतो, कारण वॉलेटमधली प्रत्येक किल्ली आणि प्रत्येक पत्ता या बारा शब्दांमधूनच ठरावीक गणिताने उगवतो. २,०४८ शब्दांच्या यादीतून हे शब्द यादृच्छिकपणे निवडले जातात, आणि त्यांमध्ये १३२ बिट इतकी अनिश्चितता असल्यामुळे अंदाजाने ते शोधून काढणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. शब्द दाखवून झाल्यावर सॉफ्टवेअर तेच शब्द पुन्हा टाइप करायला लावते. कॉपी करून चिकटवण्याची पळवाट तिथे चालत नाही, त्यामुळे निदान एकदा तरी माणसाला ते कागदावर उतरवावेच लागतात. ही सक्ती मला मनापासून आवडली.

इलेक्ट्रमच्या बीजशब्दांची आणखी एक खुबी आहे. वॉलेट कोणत्या प्रकारचे आहे, जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे की सेगविट या नव्या पद्धतीच्या, ही माहिती त्या शब्दांमध्येच दडवलेली असते. अनेक इतर वॉलेटमध्ये शब्द बरोबर असूनही पत्ते काढण्याचा मार्ग ठाऊक नसेल तर शिल्लक शून्य दिसते आणि माणूस हवालदिल होतो. इथे तो प्रसंग येत नाही. याची किंमत अशी की इलेक्ट्रमचे शब्द बहुतेक इतर वॉलेट ओळखत नाहीत. म्हणून शब्दांच्या कागदावर ‘इलेक्ट्रम, सेगविट, १२ शब्द’ आणि वर्ष एवढे ठळक लिहून ठेवावे. दहा वर्षांनी तो कागद ज्याच्या हाती पडेल, त्याला हे शब्द कुठे घालायचे हे तरी कळले पाहिजे.

इथे मराठी वाचकांसाठी एक खास सूचना करावीशी वाटते. हे शब्द देवनागरीत लिहून ठेवू नयेत. माझ्या एका मावसभावाने कोणाला चटकन कळू नये म्हणून तसे लिहिले होते. त्या यादीत ‘उजवा’ या अर्थाचा आणि ‘लिहिणे’ या अर्थाचा, असे दोन्ही इंग्रजी शब्द आहेत. देवनागरीत दोन्ही ‘राइट’ होतात. असा एखादाच शब्द संशयास्पद असेल तर दोन्ही शक्यता करून पाहता येतात, परंतु वीस वर्षांनी भलत्याच माणसाला ते करावे लागणार असेल तर त्याचा भरवसा कोणी द्यावा? मोठ्या, सुट्या रोमन अक्षरांत, प्रत्येक शब्दापुढे क्रमांक घालून लिहावे. यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे चार अक्षरांहून लांब शब्दाचे शेवटचे अक्षर पुसट झाले तरी चालते. क्रम चुकला तर मात्र वॉलेट उघडत नाही.

कागद किती टिकतो हे कोकणात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. माझा पहिला कागद दोन पावसाळ्यांत दमट झाला आणि जेल पेनची शाई पसरली. कसर आणि वाळवी यांचे भय वेगळेच. आता मी स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर अक्षरांचे पंच आणि हातोडी वापरून शब्द स्वतः ठोकले आहेत. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून देणारे कारागीर जागोजागी बसतात आणि त्यांचे काम सुबक असते, पण हे काम त्यांच्याकडे सोपवता येत नाही. कारण शब्द ज्याने पाहिले त्याच्या हातात पैसे गेले, मग तो माणूस कितीही सज्जन असो. बारा शब्दांची पहिली चार अक्षरे ठोकायला मला एक संध्याकाळ लागली.

एकच प्रत पुरत नाही, आणि दोन्ही प्रती एकाच घरात असून उपयोग नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये पुराचे पाणी ज्या उंचीवर गेले, ते पाहिलेल्या माणसाला एकाच गावातली दोन कपाटे ही दोन ठिकाणे वाटत नाहीत. माझी दुसरी प्रत दुसऱ्या जिल्ह्यात बँकेच्या लॉकरमध्ये आहे. त्यातही हे लक्षात ठेवावे की जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती मर्यादित आहे, आणि नैसर्गिक आपत्तीसाठी तर ती सहसा नसतेच. लॉकर उत्तम जागा आहे, पण ती एकमेव जागा असू नये.

आता पासवर्डाकडे वळतो, कारण गैरसमज इथेच होतो. शब्दांनंतर इलेक्ट्रम पासवर्ड मागते आणि वॉलेटची फाइल त्या पासवर्डाने पूर्ण कूटबद्ध करते. पूर्वी केवळ खासगी किल्ल्या आणि बीजशब्दच कूटबद्ध होत असत. २०१७ पासून संपूर्ण फाइल कुलूपबंद करण्याची सोय झाली, त्यामुळे आता फाइल चोरणाऱ्याला शिल्लक, पत्ते किंवा व्यवहारांवर लिहिलेल्या नोंदीही वाचता येत नाहीत. ही सुधारणा फार मोलाची आहे. परंतु हा पासवर्ड केवळ त्या फाइलचा आहे. बीजशब्दांशी त्याचा काहीही संबंध नाही. शब्द कोणाच्या हाती लागले तर पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो तुमचे रक्षण करणार नाही; आणि पासवर्ड विसरलात तरी शब्द जवळ असतील तर काहीही बुडालेले नसते, कारण शब्दांवरून नवी फाइल तयार करून तिला नवा पासवर्ड देता येतो. माझे एक स्नेही पासवर्ड विसरल्यामुळे तीन दिवस जेवले नव्हते, आणि त्यांच्या देवघरातल्या डब्यात बारा शब्दांचा कागद सुखरूप होता. पासवर्डाच्या चौकटीतच ही दोन वाक्ये ठळक अक्षरांत लिहिली असती तर त्यांचे ते तीन दिवस वाचले असते. माझी या सॉफ्टवेअरबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

या गैरसमजाची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. पासवर्ड उघड झाल्याचा संशय आला की लोक पासवर्ड बदलतात आणि निश्चिंत होतात. पण पासवर्ड बदलल्याने या संगणकावरची ही फाइल तेवढी नव्या कुलपात जाते. पेन ड्राइव्हवर, जुन्या लॅपटॉपवर किंवा ईमेलमध्ये पडून राहिलेली फाइलची जुनी प्रत जुन्याच पासवर्डाने उघडते आणि तिच्यातून तेच बीजशब्द बाहेर येतात. अशा वेळी खरा उपाय एकच आहे : नव्या शब्दांचे नवे वॉलेट तयार करावे आणि सगळी शिल्लक त्यात पाठवावी.

पासवर्ड रिकामा सोडता येतो, ही मुभा मला चुकीची वाटते. जानेवारी २०१८ मध्ये इलेक्ट्रममध्ये एक गंभीर दोष उघडकीस आला होता : वॉलेट उघडे असताना त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये एखादे दुष्ट हेतूचे संकेतस्थळ उघडले, तर ते संकेतस्थळ पासवर्ड नसलेल्या वॉलेटला आज्ञा देऊ शकत होते. दोष लगेच दुरुस्त झाला. पण ‘घरचाच संगणक आहे, कुलूप कशाला’ हा विचार किती फसवा आहे ते त्या वेळी दिसले. शिवाय पासवर्ड अगदी पहिल्या वेळेसच द्यावा. कुलूप नसलेली फाइल एकदा डिस्कवर उमटली की नंतर ती कूटबद्ध केली, तरी जुन्या रूपाचे अवशेष डिस्कवर राहण्याची शक्यता असते.

पासवर्ड किती मोठा असावा, याचे उत्तर कोडमध्ये सापडते. फाइल कूटबद्ध करताना इलेक्ट्रम पासवर्डावर १,०२४ फेऱ्यांची प्रक्रिया करते. अशा फेऱ्यांचा उद्देश असा की अंदाज करणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाला वेळ लागावा. आज याच पद्धतीसाठी दोन लाखांहून अधिक फेऱ्यांची शिफारस केली जाते, त्या मानाने हा आकडा फारच लहान आहे आणि तो वाढवायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत ही उणीव आपल्यालाच पासवर्डाच्या लांबीने भरून काढावी लागेल. पाठ असलेल्या अभंगाची किंवा आरतीची ओळ रोमन अक्षरांत लिहून पासवर्ड करण्याचा मोह अनेकांना होतो, पण जे छापलेले आहे ते अंदाज करणाऱ्याच्या यादीतही असू शकते. मी फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवडले. ते पाठ व्हायला आठवडा लागला. पडद्यावर पासवर्डाची ताकद दाखवणारी पट्टी आहे, तिच्यावर फारसे विसंबू नये.

बीजशब्दांना आणखी एक गुप्त शब्द जोडण्याची सोयही पर्यायांमध्ये आहे. ती प्रभावी आहे, कारण मग बारा शब्द चोरीला गेले तरी केवळ त्यांच्यावरून पैसे हलवता येत नाहीत. परंतु नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये असे मी म्हणेन. हा जोडशब्द चुकीचा टाकला तर सॉफ्टवेअर ‘चूक’ असे सांगत नाही. ते निमूटपणे वेगळे, रिकामे वॉलेट उघडून देते. आणि तो जोडशब्द विसरला तर बारा शब्द असूनही हाती काही लागत नाही. फाइलचा पासवर्ड विसरणे आणि हा शब्द विसरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे सगळे मी पुस्तकी ज्ञानातून सांगत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप बंद पडला म्हणून मी तो एका दुरुस्ती केंद्रात दिला. तिथे मला न विचारता डिस्क पुसून नवी यंत्रणा चढवली गेली आणि लॅपटॉप ‘अगदी नव्यासारखा’ होऊन परत आला. फाइल कूटबद्ध असल्यामुळे तिथे कोणी ती पाहिली असेल याची काळजी मला नव्हती. घरी येऊन मी इलेक्ट्रम पुन्हा उतरवले, बारा शब्द घातले, आणि काही मिनिटांत सगळे पत्ते, सगळे व्यवहार आणि पूर्ण शिल्लक पडद्यावर आली. त्या क्षणी वाटलेला दिलासा मी विसरणार नाही.

तरीही एक गोष्ट गेली होती. प्रत्येक व्यवहारापुढे मी लिहून ठेवलेल्या नोंदी, म्हणजे कधी घेतले, कोणाकडून घेतले, किती रुपयांना पडले, त्या परत आल्या नाहीत. कारण नोंदी बीजशब्दांमध्ये नसतात, त्या केवळ फाइलमध्ये असतात. आपल्या देशात हे नुकसान किरकोळ नाही. एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, खरेदीच्या किमतीखेरीज दुसरी वजावट मिळत नाही, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. खरेदीची किंमत सिद्ध करता आली नाही तर भुर्दंड आपल्यालाच बसतो. मला जुनी बँक विवरणपत्रे काढून ती यादी पुन्हा उभी करायला दोन रविवार लागले.

म्हणून शब्दांच्या जोडीला फाइलची प्रतही ठेवावी. मेनूमध्ये प्रत साठवण्याचा पर्याय आहे आणि ती प्रत त्याच पासवर्डाने कूटबद्ध राहते, त्यामुळे ती पेन ड्राइव्हवर ठेवायला हरकत नाही. नोंदी स्वतंत्रपणे बाहेर काढण्याचीही सोय आहे, पण तिथे सावध राहावे : ती यादी साध्या, उघड मजकुरात निघते आणि इलेक्ट्रम त्याबद्दल बजावत नाही. ती यादी मी सेव्हन-झिप या फाइल कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरने वेगळा पासवर्ड घालूनच ठेवतो. ज्यांनी लाइटनिंगचे, म्हणजे झटपट देवाणघेवाणीसाठी बिटकॉइनवर उभारलेल्या जाळ्याचे, चॅनल उघडले आहेत, त्यांनी तर फाइलकडे अधिकच लक्ष द्यावे, कारण चॅनलच्या बाबतीत निव्वळ शब्दांवर विसंबणे पुरेसे नाही. त्यांची प्रत वेगळी काढावी लागते.

शब्दांचा फोटो मात्र कधीही काढू नये. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढतात, आणि स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवलेला संदेश फोनच्या बॅकअपबरोबर आणखी कुठे कुठे जातो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्याचप्रमाणे सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच उतरवावे आणि विकासकांची डिजिटल स्वाक्षरी तपासावी. २०१८ च्या डिसेंबरमध्ये खोट्या सर्व्हरनी जुन्या इलेक्ट्रमच्या पडद्यावर ‘नवी आवृत्ती घ्या’ असा संदेश दाखवून लोकांना बनावट सॉफ्टवेअर बसवायला लावले आणि त्यांची नाणी लुटली. ३.३.४ च्या आधीच्या आवृत्त्या या सापळ्याला बळी पडू शकतात, म्हणून जुन्या लॅपटॉपवर तशी आवृत्ती पडून असेल तर ती उघडूच नये. बनावट सॉफ्टवेअरमध्ये शब्द घातले की पट्टी स्टीलची होती की सोन्याची, याने काही फरक पडत नाही.

घरच्यांसाठी मी एक पानभर पत्र लिहून ठेवले आहे. त्यात एकही गुप्त शब्द नाही. इलेक्ट्रम म्हणजे काय, पट्टी कुठे आहे, लॉकरवर कोणाचे नाव आहे, पासवर्डाची गरज का नाही, आणि मदतीच्या नावाखाली शब्द विचारणाऱ्या कोणालाही ते का सांगू नयेत, एवढेच मराठीत लिहिले आहे. या वॉलेटला नॉमिनी नसतो. सौभाग्यवतींनी ते पत्र वाचून सात प्रश्न विचारले, आणि त्यांतल्या तीन प्रश्नांमुळे मला पत्र बदलावे लागले.

दरवर्षी दसऱ्याला, घरातल्या यंत्रांची पूजा झाली की, मी जुना लॅपटॉप काढतो, त्याचे इंटरनेट बंद ठेवतो, इलेक्ट्रम ऑफलाइन उघडून पट्टीवरचे शब्द त्यात घालतो आणि पहिला पत्ता मुख्य वॉलेटमधल्या पहिल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. नंतर ती तात्पुरती फाइल पुसून टाकतो. तिलाही पासवर्ड दिलेला असतोच. गेल्या दसऱ्याला शब्द मी वाचले नाहीत. पट्टी आणि पत्र सौभाग्यवतींच्या हातात दिले आणि मी शेजारच्या खोलीत बसून राहिलो. पाऊण तासाने त्यांनी पत्ता वाचून दाखवला आणि तो जुळला.